जगबुडीच्या पिक्चरमधलं लहान मूल

जग संपल्यावर उरलेल्या माणसांचे पिक्चर बघायला आमच्या घरात माझ्यासोबत कोणी बसत नाही. "आधीच डोक्याला काय कमी ताप आहे, वर हे कशाला?" असं आई विचारते. प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

या पिक्चरचा साचा ठरलेला असतो, हे आधीच मान्य करते. नायक हॉस्पिटलात बेशुद्धीतून जागा होतो, नाहीतर एकटाच भटकत असतो. शहर ओस पडलेलं असतं. गंजलेल्या गाड्यांच्या रांगा, रस्ता फोडून वर आलेलं गवत, लुटलेलं दुकान. रेडिओवर कुठून तरी आवाज येतो की अमुक ठिकाणी सुरक्षित जागा आहे, आणि तिथे पोचेपर्यंत झोंबींपेक्षा जिवंत माणसंच जास्त घातक निघतात. जग कशाने बुडालं हे कधी सांगतात, कधी नाही. 'द रोड'मध्ये (2009) शेवटपर्यंत सांगत नाहीत, आणि मला ते अगदी पटतं. राखेतून चालणाऱ्या त्या बापलेकाला कारण कळून काय उपयोग?

ओस शहराची ओढ मुंबईकराला वेगळी सांगायला नको. '28 डेज लेटर'साठी (2002) डॅनी बॉयलने पहाटेच्या उजेडात, वाहतूक थोडा थोडा वेळ अडवून, लंडनचा रिकामा वेस्टमिन्स्टर पूल छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित केला. संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीत चेंगरलेल्या माणसाला त्या पुलाचा आधी हेवा वाटतो आणि मग पोटात गोळा येतो. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि सीएसएमटीसमोरचा चौक आपणही तसाच रिकामा पाहिला. तेव्हा हेवा वगैरे कोणाला वाटला नाही. माझ्या डोक्यात त्या दिवसांतली दुसरीच दृश्यं राहिली आहेत: नाशिक हायवेवरून पायी गावाकडे निघालेली माणसं, डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर. त्यांच्याकडे परत येते.

त्याआधी पाण्याबद्दल. हे पिक्चर मला धरून ठेवतात ते वस्तूंच्या मोलामुळे. 'द रोड'मध्ये बापाला कोकचा एक कॅन सापडतो. तो मुलाला देतो. मुलाने ती चव कधी घेतलेलीच नसते, आणि बाप घोट घ्यायलाही तयार नसतो, मुलगा आग्रह करतो. तेवढ्या प्रसंगात गेलेलं सगळं जग दिसतं. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (2015) तर सत्ता म्हणजेच पाणी. तिथला हुकूमशहा इमॉर्टन जो उंच कड्यावरून क्षणभर पाणी सोडतो, खाली भांडी घेऊन माणसं एकमेकांवर तुटून पडतात, आणि तो वरून बजावतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका. 'मॅड मॅक्स'चा दिग्दर्शक जॉर्ज मिलर हा मुळात डॉक्टर. 1970च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या पेट्रोलटंचाईत माणसं पंपावर एकमेकांच्या अंगावर जाताना दिसली, त्यातून पहिल्या 'मॅड मॅक्स'ला (1979) खतपाणी मिळालं. म्हणजे या सगळ्या वेड्यावाकड्या गाड्यांच्या मुळाशी पंपावरची रांग आहे.

तो कडा पाहताना आपण आपोआप खालच्या माणसांत स्वतःला बघतो. पण मुंबईचं पाणी येतं कुठून? विहार आणि तुळशी सोडले तर तानसा, भातसा, वैतरणा असं लांबून येतं. शहापूर तालुक्यात धरणांच्या आसपासच्या कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंड्या पाइपने भिजतात. शहापूरच्या एखाद्या बाईने 'फ्युरी रोड' पाहिला तर तिला कड्यावर कोण दिसेल? हा विचार आल्यापासून तो पिक्चर मी पूर्वीसारखा बघू शकत नाही. चांगला पिक्चर असंच काहीतरी करतो.

साच्यातली एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. दिवे गेले, दुकानं बंद झाली की चोवीस तासांत माणसं लांडगे होतात, हे गृहीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. फोन बंद, गाड्या बंद, रस्त्यावर छातीभर पाणी. त्या रात्री अनोळखी लोकांनी दोर बांधून माणसांना पलीकडे नेलं, घरं उघडली, चहा-बिस्किटं वाटली. याला 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून मला मिरवायचं नाही. शेकडो माणसं मेली, आणि मिठी नदीचा गळा आवळला गेला होता तो माणसांच्याच हातून. पण पिक्चरमध्ये सांगतात तसं त्या रात्री झालं नाही, हेही खरंच. ई. एल. क्वारंटेलींसारख्या समाजशास्त्रज्ञांनी आपत्तींचा आयुष्यभर अभ्यास करून हेच मांडलं की सैरावैरा घबराट फार क्वचित होते, माणसं बहुतेक वेळा एकमेकांना धरून राहतात. वर्षानुवर्षं अन्नच उगवलं नाही तर काय होईल, हा 'द रोड'चा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण आहे. पण दुसऱ्याच दिवशी बंदूक घेऊन फिरणारा नायक मला आळशी लेखन वाटतो.

आता त्या कडेवरच्या पोराकडे येते, कारण माझं म्हणणं खरं तर तेवढंच आहे. या प्रकारातले मनात रुतणारे पिक्चर आठवून बघा, त्यात एक मूल असतंच. 'मॅड मॅक्स 2'ची (1981) सगळी गोष्ट आपल्याला सांगतो तो त्यातलाच रानटी मुलगा, म्हातारा झाल्यावर. 'चिल्ड्रेन ऑफ मेन'मध्ये (2006) अठरा वर्षं जगात मूलच जन्मलेलं नाही. नायक थिओ बंदूक हातात न घेता एका गरोदर मुलीला सांभाळून नेत राहतो, आणि शेवटाकडे गोळीबार चालू असताना बाळाचं रडणं ऐकून सैनिक थांबतात. दोन मिनिटांनी पुन्हा गोळ्या सुरू होतात. दिग्दर्शक कुआरोनने ती दोन मिनिटं दिली आणि वर खोटा दिलासा दिला नाही, म्हणून मी त्याला फार मानते. जगायचं कसं, हा प्रश्न अशा पिक्चरमध्ये थोड्याच वेळात मागे पडतो. कोणाला जगवायचं आणि त्याला आपल्यातलं काय द्यायचं, हे उरतं.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. महाभारतातलं मौसलपर्व वाचा. यादव आपसांत लढून संपले आहेत, कृष्ण गेला आहे. उरलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं घेऊन अर्जुन द्वारकेतून निघतो आणि मागे समुद्र नगरी गिळतो. वाटेत आभीर लुटारू लाठ्या घेऊन तुटून पडतात. गांडीवाला दोरी चढवताना अर्जुनाची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, बाण संपतात. डोळ्यांदेखत बायका पळवून नेतात आणि जगातला सर्वांत मोठा धनुर्धर धनुष्याच्या टोकाने मारत राहतो. तरी तो उरलेल्यांना घेऊन पुढे चालतो आणि कृष्णाच्या पणतूला, वज्राला, इंद्रप्रस्थात राज्यावर बसवतो. ओस नगरी, हायवेवरचे लुटारू, कुचकामी ठरलेलं हत्यार, शेवटी एक मूल. हॉलिवूडच्या साच्यातलं काय राहिलं?

'कल्की 2898 एडी'ला (2024) हे कळलेलं आहे. गंगा आटलेली, काशी हे शेवटचं शहर, आणि महाभारतात अभिमन्यूच्या बायकोच्या, उत्तरेच्या, गर्भावर अस्त्र सोडणारा अश्वत्थामा आता एका गरोदर बाईचा राखणदार. पिक्चर मधेमधे फार पसरतो, पण ही कल्पना मोठी आहे. मराठीत आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' (2022) आला, टॉवर आणि शेजारची वस्ती समोरासमोर उभी करून. तो हसवत नेतो. मला आता न हसवणारा हवा आहे.

तसा पिक्चर मुंबईत घडला तर गाडी काढून वाळवंटात पळता येणार नाही. तीन बाजूंना पाणी, आणि बाहेर पडायला मोजके पूल. वाट उरते ती रुळांची. कोणीतरी शेजाऱ्याचं पोर कडेवर घेऊन कसाऱ्याच्या दिशेने रुळांवरून चालतंय, आणि शहापूरजवळ त्यांना पाणी हवंय. ज्यांच्या धरणाचं पाणी आपण इतकी वर्षं प्यायलो, ती माणसं त्या दिवशी दार उघडतील का? या प्रश्नावर दोन तासांचा मराठी पिक्चर उभा राहू शकतो. कोणी लेखक, दिग्दर्शक हे वाचत असतील तर खुशाल घ्या, मला श्रेय नको, तिकीट मी काढीन.

आणि ज्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही त्यांनी मुलांना घेऊन 'वॉल-ई'पासून (2008) सुरुवात करा. मग 'चिल्ड्रेन ऑफ मेन'. 'द रोड' सगळ्यात शेवटी, आणि तोही दिवसाउजेडी.