‘हाडाला महिना, लिव्हरला भोकं’: एक तारा देणाऱ्या ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या नाशिकच्या लॅबबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आम्ही टिश्यूच्या (शरीरातल्या ऊतींच्या) पातळ चकत्या कापून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघायच्या स्लाइड्स बनवून देतो. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. उंदरांच्या लिव्हरच्या स्लाइड्सना भोकं होती, गुडघ्याच्या सांध्याला आम्ही महिना लावला, गाईडने मागितलेले मायटोकॉन्ड्रियाचे फोटो दिले नाहीत आणि आमच्या टेक्निशियन काकांनी तुम्हाला टेबलापासून ‘हाकललं’. शेवटी, ‘पैसे पाण्यात गेले, नाशिककरांनी सरळ पुणं गाठावं’ असा सल्लाही आहे. कॉलेजचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही लिहिणार नाही. उत्तर मात्र सविस्तर देतो, कारण थिसिसच्या दिवसांत असे नमुने घेऊन येणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ असो की पुणे विद्यापीठ, सबमिशनची तारीख जवळ आली की सगळ्यांची धावपळ सारखीच असते.

आधी भोकांचं. तुमच्या बाटल्या आल्या तेव्हा फॉर्मवरचे ‘टिश्यू कधी काढला’ आणि ‘कशात ठेवला’ हे दोन्ही रकाने रिकामे होते. त्याच दिवशी फोन करून विचारलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत की सुट्टी आल्यामुळे फॉर्मालिन (टिश्यू सडू न देणारं द्रावण) मिळालं नाही, म्हणून लिव्हर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं आणि सोमवारी फॉर्मालिनमध्ये टाकलं. ताई, भोकं तिथेच पडली. साध्या फ्रीझरमध्ये टिश्यू हळूहळू गोठतो, पेशींतल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. फ्रीझरमधून काढलेला टोमॅटो लिबलिबीत का होतो, त्याचं कारणही हेच. त्यानंतर फॉर्मालिन जे काही उरलंय तेच जपून ठेवतं, फाटलेलं शिवत नाही. मायक्रोटोमची (चकत्या कापायच्या यंत्राची) पाती नवी होती, सेक्शन म्हणजे चकत्या पाच मायक्रॉनच्या होत्या, पण स्फटिकांची जागा रिकामी ती रिकामीच.

‘मग क्रायोस्टॅटवाले गोठवूनच कापतात ना?’ हे तुम्ही रिव्ह्यूत विचारलंय आणि प्रश्न अगदी रास्त आहे. क्रायोस्टॅट म्हणजे गोठवलेला टिश्यू कापायचं थंड यंत्र. त्यासाठी गोठवतात, पण लिक्विड नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात, काही सेकंदांत. स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळत नाही. नंतर उणे वीस अंशांच्या आसपास कापतात. सारा फरक गोठण्याच्या वेगाचा आहे.

हे एवढं उगाळतोय त्याला कारण आहे. तुमचा विषय फॅटी लिव्हरचा. पॅराफिन स्लाइडवर, म्हणजे टिश्यू मेणात बसवून कापलेल्या स्लाइडवर, चरबी दिसत नाही, कारण ती झायलीन या द्रावकात विरघळून जाते आणि तिच्या जागी पांढरी पोकळी उरते. म्हणजे खऱ्या आजाराचंही भोकच दिसतं आणि फ्रीझरचंही भोकच. नीट पाहिलं तर फरक कळतो. चरबीची पोकळी गोल आणि गुळगुळीत काठाची असते, मोठी असेल तर केंद्रक एका कडेला ढकललेलं दिसतं. बर्फाची भोकं वेडीवाकडी, चिरा पडल्यासारखी असतात आणि आजाराची कसलीही शिस्त न पाळता सगळीकडे पसरलेली असतात. तुमच्या कंट्रोल ग्रुपमधल्या निरोगी उंदरांच्या स्लाइड्सवर अशी भोकं आहेत. त्यांचा स्कोअर कुणी फॅटी लिव्हर म्हणून मांडला, तर औषध चालतं की नाही याचं उत्तरच उलटं यायचं. म्हणून रिपोर्टवर ‘फ्रीझिंग आर्टिफॅक्ट, स्कोअरिंगसाठी अयोग्य’ असं लिहिलं, म्हणजे भोकं गोठवण्याने पडलेली आहेत, आजार मोजायला चालणार नाहीत. तुम्हाला ते हात झटकणं वाटलं. मला ते लिहिणं भाग होतं, आणि उद्या परीक्षकांनी विचारलं तर तोच कागद तुमच्या कामाला येईल.

बाटल्यांबद्दल आणखी एक. लिव्हरचा अख्खा लोब (खंड) अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबला होता. फॉर्मालिन आत शिरतं ते ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर, पुढे त्याहूनही हळू. बाहेरून कडक झालेला तुकडा ग्रॉसिंगला (स्लाइडसाठी लहान काप पाडताना) कापला तर मधे लालसर आणि मऊच होता. चार-पाच मिलिमीटरचे काप आणि टिश्यूच्या किमान दहापट फॉर्मालिन, एवढं केलं तरी पुष्कळ. लेबल बॉलपेनने लिहिलं होतं, फॉर्मालिन सांडल्यावर ‘३’ आहे की ‘८’ हे ओळखता येईना. काकांनी भिंग लावून, तुमच्या यादीशी ताडून ते जुळवलं. पेन्सिलने लिहिलेलं अल्कोहोलमध्येही टिकतं. म्हणूनच स्लाइडच्या खरखरीत टोकावर आम्ही पेन्सिलच वापरतो.

आता हाड. त्यातलं कॅल्शियम काढून ते मऊ केल्याशिवाय त्याच्या पातळ चकत्या कापता येत नाहीत. तुम्ही लिहिलंय की ‘दुसरीकडे दोन दिवसांत करून देतात’. खरं आहे, नायट्रिक ॲसिडमध्ये घातलं की उंदराच्या गुडघ्यातलं कॅल्शियम एक-दोन दिवसांत निघतं. पण तुम्हाला सॅफ्रॅनिन-ओ हवा होता. तो रंग कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकन या घटकाला लाल धरतो, आणि संधिवातात आधी ओसरतात ते हेच प्रोटिओग्लायकन. जोरकस ॲसिडही त्यांनाच धुऊन काढतं, शिवाय केंद्रकांना हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग धड लागत नाही. फिका लाल रंग पाहून तुम्ही ‘कूर्चा झिजली’ म्हणायचं आणि झिजवणारं असायचं ॲसिड! म्हणून आम्ही कॅल्शियम हळूहळू काढणारं सौम्य ईडीटीएच वापरतो. सामू सातच्या वर, द्रावण वरचेवर बदलायचं, आणि तीन-चार आठवडे धीर धरायचा. तुमच्या सांध्यांचं द्रावण बदलल्याच्या तारखा आणि सह्या ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या तुकड्याच्या) कार्डावर आहेत. हाड मऊ झालं का हे सुई टोचून पाहता येतं, पण टोचलेली जागा नेमकी स्लाइडवर येते. म्हणून आम्ही खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्ट डॉक्टरांकडे जाऊन त्यांच्या दाताच्या एक्स-रेवर सांधे तपासून आणतो. त्यांच्या पेशंटना याचं फार कुतूहल वाटतं. महिना लागेल हे पावतीवर लिहून दिलं होतं, त्यावर तुमची सही आहे.

मायटोकॉन्ड्रियाचं थोडक्यात. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा साधारण 0.2 मायक्रॉन. कितीही झूम केलं तरी त्याखालचं फक्त मोठं आणि धूसर होतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्या बघायच्या तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, आणि तो आमच्याकडे नाही. आयआयटी मुंबईत किंवा दिल्लीला एम्समध्ये ती सोय आहे. पण त्यासाठी प्राणी सॅक्रिफाइस करतानाच मिलिमीटरभराचे तुकडे ग्लुटराल्डिहाइड या टिकवणाऱ्या रसायनात टाकावे लागतात, मग ऑस्मियमची प्रक्रिया, मग मेणाऐवजी कडक रेझिनमध्ये बसवणं, मग 70 नॅनोमीटरच्या आसपासचे सेक्शन. फ्रीझरमध्ये राहून आलेल्या पॅराफिन ब्लॉकमधून ते फोटो काढून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी मला एक फोन करा.

काकांचं वागणं. तुम्ही बाटलीचं झाकण टेबलावरच उघडलंत, तेव्हा ते ‘मागे व्हा’ असं मोठ्याने म्हणाले. आवाज चढा होता हे मान्य, त्यांचा तो एरवीही चढाच असतो. पण फॉर्मालिनची वाफ डोळ्यांत गेली की काय होतं हे त्यांनी आयुष्यभर भोगलंय. कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्मल्डिहाइडला 2004 मध्ये टाकलं. बाटली फ्युम हूडखालीच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) उघडायची हा आमच्याकडचा नियम आहे. तो गाईडसाहेबांनाही लागू आहे.

पुण्याला जरूर जा, तिथे चांगल्या लॅब आहेत. पण ही लिव्हर घेऊन गेलात तर तिथेही हीच भोकं दिसतील.

आता पुढचं. लिव्हरच्या त्याच ब्लॉकमधून पुन्हा कापून उपयोग नाही, त्यामुळे त्याचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही आणि घालवूही देणार नाही. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या संख्येत तुमचे काही प्राणी उरले असतील, तर सॅक्रिफाइसच्या आदल्या दिवशी आमच्याकडून बफर्ड फॉर्मालिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या घेऊन जा. सुट्टी असली तरी मिळतील, आणि त्यांचे वेगळे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नाही. चरबी दाखवायचीच असेल तर चरबीला लाल रंगवणाऱ्या ऑइल रेड-ओ साठी एक तुकडा वेगळा ठेवावा लागेल, त्याचं आधी फोनवर ठरवू. सांध्याचे ब्लॉक उत्तम आलेत. सॅफ्रॅनिन-ओ च्या स्लाइड्स तयार आहेत, त्या तुम्ही अजून नेलेल्या नाहीत.

न्यायला याल तेव्हा गाईडसाहेबांनाही आणा. दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर बसून लिव्हरची भोकं एकत्रच पाहू. फक्त दुपारी तीननंतर या. सकाळी सेक्शन कापायचं काम चालतं, ते उडू नयेत म्हणून पंखे बंद असतात, आणि सध्याच्या उकाड्यात तिथे काकांशिवाय कुणी टिकत नाही.