"आधी बेसिक पक्कं करा" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

कॅश सर्व्हर (युट्यूब, नेटफ्लिक्सवाल्यांचे व्हिडिओ नेट ऑपरेटरच्या रॅकमध्येच साठवून गिऱ्हाइकाला देणारा डबा) बसवणं आणि त्याचे प्रॉब्लेम सोडवणं यावर मी जो मोठा लेख टाकला होता त्याखाली 'जुना नेटवर्कवाला' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. खाली चार ओळीत उत्तर द्यायला बसलो होतो पण ते लांबत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी ती प्रतिक्रिया जशीच्या तशी (नवीन असाल तर: डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सोय, बीजीपी म्हणजे कुठले आयपी कोणाकडे आहेत हे नेटवर्क एकमेकांना ज्या पद्धतीने सांगतात ती, आणि एक्सचेंज म्हणजे बरीच नेटवर्क एकमेकांना जोडतात ती जागा):

"लेख वाचला. उगाच लांबवलाय. कॅशवर ट्रॅफिक येत नसेल तर गिऱ्हाइकाला आपला डीएनएस द्या, आपोआप येतं, त्यासाठी बीजीपीचं एवढं पुराण कशाला. मुंबईत एक्सचेंजवर पोर्ट घेतला की हे डबे लागतच नाहीत, लाइटबिल पण वाचतं. छोट्या ऑपरेटरला हे डबे मिळतच नाहीत त्याबद्दल एक ओळ नाही. पोर्टच्या फोटोत काही दिसत नाही. आधी स्वतःचं बेसिक पक्कं करा मग लोकांना शिकवा."

फोटोचं बरोबर आहे. रॅकच्या मागे अंधार होता, लेबलं वाचता येत नाहीत. नवीन फोटो टाकतो. लेख लांब वाटला तर तेही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मला तो तेवढाच हवा होता, पण असो.

शेवटचं वाक्य मात्र मला खटकलं आणि ते मी सोडून देणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही नावसुद्धा लिहिलेलं नाही, आणि थेट बेसिक काढलंत? चूक वाटली तर चूक कुठे ते दाखवा ना, मी आभार मानेन. या लेखावर बाकीच्यांनीही शंका विचारल्यात, एकाने तर माझ्या कॉन्फिगमधल्या फिल्टरवर चांगला प्रश्न काढला, त्याच्याशी अर्धी रात्र बोललो. विचारायची एक पद्धत असते. सात वाक्यात सहा निकाल देऊन टाकायचे आणि वर अक्कल काढायची, ही ती पद्धत नव्हे.

आणि बेसिकचाच विषय काढलात तर सांगतो. आमच्या घरात केबलचा धंदा होता. गच्चीवर जाळीची मोठी डिश, खाली कंट्रोल रूम, पोलावर ॲम्प्लिफायर, पावसात शॉर्ट झाला की वडिलांबरोबर शिडी धरायला मी. त्याच कोॲक्स केबलवरून आम्ही पुढे नेट द्यायला लागलो तेव्हा सगळ्या गावाला मिळून एक बारकी लीज लाइन होती, आणि ती पुरवायची म्हणून जुन्या पीसीवर लिनक्स टाकून स्क्विड हे कॅशचं सॉफ्टवेअर चालवायचो. पोर्ट ८० चं, म्हणजे साधं उघडं वेब ट्रॅफिक, जे काही जाईल ते वळवून त्या पीसीवर घ्यायचं, एकाने विंडोजचं अपडेट उतरवलं की बाकीच्यांना लोकल मिळायचं. युट्यूबचे व्हिडिओसुद्धा यूआरएल बदलून, जुगाड करून कॅश करायचो. तेव्हा राजा आपण होतो, गिऱ्हाइकाला कुठून काय द्यायचं ते आपण ठरवायचो.

ते दिवस एचटीटीपीएसने, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या वेबने, संपवले. २०१६ मध्ये गूगलने स्वतः सांगितलं की युट्यूबचं ९७ टक्के ट्रॅफिक एन्क्रिप्ट झालंय, नेटफ्लिक्सनेही त्याच सुमारास व्हिडिओ टीएलएसवर (तेच एन्क्रिप्शन) न्यायला घेतले. मधे बसून स्क्विडला आत काही दिसतच नाही तर कॅश काय करणार. आता आपल्या रॅकमध्ये जो डबा येतो तो त्यांचा असतो, सर्टिफिकेट त्यांचं, सॉफ्टवेअर त्यांचं, आपण जागा द्यायची, लाइट द्यायची, थंड ठेवायचं आणि पोर्ट द्यायचे. आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या डब्यातून द्यायचं हे तेच ठरवतात. आपल्या हातात फक्त त्यांना नीट सांगणं राहिलंय, की बाबा हे आयपी माझे आहेत. हे सांगायची जागा बीजीपी. म्हणून लेखात ते "पुराण" आहे.

आता तुमचं डीएनएसचं वाक्य घेतो, कारण हे मी फक्त तुमच्याकडून ऐकत नाहीये, व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ऑपरेटर ग्रुपवर कोणीतरी हेच सांगत असतं आणि नवीन पोरं दिवस दिवस ओएनयूमध्ये (गिऱ्हाइकाच्या घरचा फायबरचा डबा) डीएनएस बदलत बसतात.

गिऱ्हाइकाने युट्यूबवर व्हिडिओला हात लावला की ॲप आधी गूगलशी बोलतं. गूगल बघतं की रिक्वेस्ट कुठल्या आयपीवरून आली, तो आयपी कुठल्या प्रीफिक्समधला (आयपींच्या गटातला), तो प्रीफिक्स कुठल्या कॅशला बीजीपीवर सांगितला गेलाय, ती कॅश चालू आहे का, तिच्यात दम शिल्लक आहे का, आणि मग व्हिडिओची लिंक बनवून देतं. त्या लिंकमधलं होस्टनेमच ठराविक नोडचं असतं, आर किंवा आरआर आणि पुढे आकडा, तीन डॅश, मग एसएन आणि कोड, शेवटी गूगलव्हिडिओ डॉट कॉम. म्हणजे डीएनएसला प्रश्न जायच्या आधीच निर्णय होऊन गेलेला असतो. मग गिऱ्हाइकाकडे तुमचा डीएनएस असू दे, गूगलचा ८.८.८.८ असू दे नाहीतर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, नोडचं नाव लिंकमध्येच ठरलेलं आहे, डीएनएस फक्त त्याचा पत्ता सांगणार. हे पटत नसेल तर रीडायरेक्टर डॉट गूगलव्हिडिओ डॉट कॉमवर रिपोर्ट मॅपिंगचं पान आहे, गिऱ्हाइकाच्या लाइनवरून उघडा, तुमचा आयपी आणि तो कुठल्या नोडला जोडलाय ते समोर दिसतं.

नेटफ्लिक्सचंही असंच. त्यांचा डबा म्हणजे फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि बीजीपीसाठी बर्ड. डबा तुमच्या राउटरकडून रूट शिकतो आणि वर त्यांच्या कंट्रोल सिस्टीमला कळवतो, गिऱ्हाइकाने प्ले दाबलं की ती सिस्टीम त्याच्या आयपीवरून डबे निवडून थेट लिंका देते. फेसबुकच्या फोटोची लिंक उघडून बघा, होस्टनेममध्ये एफएनए दिसलं तर ते कुठल्यातरी आयएसपीच्या (नेट देणाऱ्या ऑपरेटरच्या) आतल्या डब्यातून येतंय, एक्सएक्स दिसलं तर त्यांच्या स्वतःच्या पॉपमधून (केंद्रातून). यात डीएनएस बदलून काय वळणार आहे ते मला सांगा.

अकामाई (दुसऱ्या कंपन्यांचा माल पोचवणारी कंपनी) वेगळं आहे, तिथे मुख्यतः रिझॉल्व्हर, म्हणजे गिऱ्हाइक वापरतो तो डीएनएस सर्व्हर, बघून उत्तर मिळतं, हे मान्य करतो. ८.८.८.८ गिऱ्हाइकाच्या आयपीचा पुढचा भाग सोबत पाठवतो, त्याचं आरएफसी ७८७१ आहे, २०१६ चं, तर १.१.१.१ प्रायव्हसीसाठी मुद्दाम पाठवत नाही. म्हणून अकामाईचा डबा असणाऱ्याने स्वतःचा रिझॉल्व्हर नीट चालवावा, शंभर टक्के. पण तुम्ही "अकामाईसाठी" असं लिहिलं नव्हतं, तुम्ही सरसकट लिहिलं होतं.

आता जी गोष्ट लेखात चार ओळीत होती ती पूर्ण सांगतो, कारण ती चार ओळीत बसवली म्हणून तुम्हाला पुराण वाटलं असावं. आमच्या शेजारच्या तालुक्यात एका ऑपरेटरने नेटफ्लिक्सचा डबा बसवला. दिवे हिरवे, बीजीपी सेशन चालू, डबा रात्रीतून भरूनही झाला, आणि संध्याकाळच्या पीकला त्या पोर्टवर काहीच नाही. त्यांनी एसएफपी (पोर्टमधले फायबरचे मॉड्यूल) बदलले, पॅच कॉर्ड पुसल्या, डबा दोनदा रीबूट केला, आणि होय, सगळ्यांचा डीएनएसही बदलला. काही फरक नाही. मग मला फोन. मी गेलो आणि फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, राउटर डब्याला कुठले रूट (आपले आयपींचे ब्लॉक) सांगतोय आणि अपस्ट्रीमला, म्हणजे ज्याच्याकडून नेट विकत घेतो त्याला, कुठले. डब्याला एक स्लॅश २२ (१०२४ आयपींचा ब्लॉक) जात होता. अपस्ट्रीमला मात्र तोच ब्लॉक फोडून चार स्लॅश २४ (२५६ आयपींचे तुकडे), कारण दोन अपस्ट्रीममध्ये लोड वाटायचा होता. त्यातल्या एका अपस्ट्रीमकडे त्याचा स्वतःचा नेटफ्लिक्सचा डबा, आणि तो आपल्या गिऱ्हाइकांचे रूट त्या डब्याला सांगणार हे उघड आहे. नेटफ्लिक्सचा पहिला नियम काय, तर ज्याने जास्त बारीक प्रीफिक्स सांगितला तो जिंकला. एएस पाथची लांबी (वाटेत किती नेटवर्क लागतात) त्यानंतर बघतात, एमईडी (रूटसोबत दिलेला पसंतीचा आकडा) त्याच्याही नंतर. त्यामुळे घरातला डबा उपाशी आणि गावाबाहेरचा डबा विकतच्या लिंकवरून सगळं वाढतोय. आम्ही तेच चार स्लॅश २४ घरच्या डब्यालाही सांगितले. आता प्रीफिक्स दोन्हीकडे सारखे आणि पाथ आपला छोटा. मॅपिंग लगेच बदलत नाही, थोडा धीर धरावा लागतो, पण त्यानंतर पोर्ट भरायला लागला आणि अपस्ट्रीमचा ग्राफ खाली आला.

यात डीएनएस कुठे होता? कुठेच नव्हता.

ट्रॅफिक न यायचं दुसरं कारण, सीजीनॅट, म्हणजे बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून थोडे पब्लिक आयपी. आपल्याकडे छोट्या आयएसपीकडे पब्लिक आयपी थोडे, गिऱ्हाइकाला १००.६४ चा आतला आयपी आणि बाहेर नॅट पूल. कंटेंटवाल्याला दिसतो तो पूलचा आयपी. तो पूल अपस्ट्रीमने वापरायला दिलेल्या ब्लॉकमधला असेल, त्यांच्याच एएसमधून (नेटवर्कमधून) जाहीर होत असेल आणि तुम्ही तो स्वतःच्या कॅशला सांगितला नसेल, तर तुमची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या कॅशची गिऱ्हाइकं. तिसरं, आयपीव्ही६, पत्त्यांची नवी पद्धत. व्ही४ चं सेशन केलं, व्ही६ चं "नंतर करू" म्हणून सोडलं, आणि मोबाइल, टीव्ही सगळे व्ही६ मिळालं की आधी तेच धरतात, त्यामुळे कॅशला अर्धी गिऱ्हाइकं माहीतच नाहीत. हे इतक्या ठिकाणी बघितलंय की मी आता पहिला प्रश्न व्ही६ चाच विचारतो.

आणि कधी कधी कॅश व्यवस्थित देत असते तरी व्हिडिओ अडकतो. युट्यूब क्विक नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं, म्हणजे यूडीपी ४४३, आणि कोणीतरी डीडॉस हल्ल्याच्या भीतीने बीएनजीवर (गिऱ्हाइकांची कनेक्शनं सांभाळणारा राउटर) यूडीपीला लिमिट मारून ठेवलेलं असतं. नाहीतर पीपीपीओई कनेक्शनचा एमटीयू (पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार) १४९२ आणि एमएसएस क्लॅम्प (पॅकेट त्यात बसेल एवढं छोटं ठेवणारी सेटिंग) अपस्ट्रीमच्या इंटरफेसवर लावलेला, कॅशच्या इंटरफेसवर विसरलेला. नाहीतर दोन दहा जी चे पोर्ट एलएसीपीत (दोन लिंकांची एक करून) बांधलेत आणि हॅशिंग, म्हणजे कुठलं ट्रॅफिक कुठल्या लिंकवर ते वाटणं, चुकीचं म्हणून एक लिंक फुल, दुसरी झोपलेली. हेही सगळं त्या लांबवलेल्या लेखात आहे, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं.

क्रिकेटची मॅच अडकली की पण लोक गूगलच्या डब्याला शिव्या घालतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते, त्यातला एक बाइटसुद्धा युट्यूबच्या कॅशमधून येणार नव्हता. डबा कोणाचा आणि त्यातून काय येतं हे आधी माहीत पाहिजे. हे बेसिक म्हणा हवं तर.

एक्सचेंजबद्दल. मुंबईत पोर्ट घ्या की, आम्हीही घेतलाय, कोण नको म्हणतंय. पण मुंबई ते जिल्हा बॅकहॉल (माल तिथून इथे आणायची लाइन) तुम्ही फुकट आणता का? रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली की एक्सचेंजचा पोर्ट मुंबईतच राहतो. तोच व्हिडिओ हजार घरांसाठी हजार वेळा घाटावरून आणायचा की एकदा आणून घरी ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे. लाइटबिलाचं म्हणाल तर बॅकहॉलच्या बिलाशेजारी ते ठेवून बघा, यावर जास्त लिहायची गरज वाटत नाही. छोट्या ऑपरेटरला डबे मिळत नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, माझा लेख डबा आल्यानंतरचा होता.

तुमच्याकडे कॅश असेल आणि ट्रॅफिक येत नसेल, असं मला प्रतिक्रियेवरून वाटलं, तर एक करा. राउटरवर कॅशच्या सेशनला ॲडव्हर्टाइझ केलेले रूट काढा, अपस्ट्रीमला केलेले काढा, व्ही४ आणि व्ही६ दोन्ही, नॅट पूल त्यात आहे का ते बघा, आणि आयपीचे मधले आकडे खोडून इथे टाका. मी बघेन, त्यासाठी तुम्ही मला काय बोललात ते मधे आणणार नाही. पण पुढच्या वेळी कोणाचं बेसिक काढायचं असेल तर स्वतःच्या नावाने काढा.