एक कुत्रा, तीन एक्स्पोजर

डिसेंबरच्या अखेरीस, उत्तराखंडातील सारी गावातून अंधारातच निघून, गोठलेल्या पायवाटेवर घसरत-सावरत मी देवरियाताल गाठले, तेव्हा तळ्यापलीकडे ७,१३८ मीटर उंचीच्या चौखंब्यावर नुकते ऊन पडले होते आणि माझ्या हाताची बोटे माझी राहिली नव्हती. हातमोजे घातले की कॅमेऱ्याची बटणे सापडत नव्हती आणि काढले की बोटे सापडत नव्हती.

पहिला फोटो पाहिला, तर बर्फाच्या जागी राख पसरलेली. यात कॅमेऱ्याचा तसा दोष नव्हता. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असते, असे त्याचा प्रकाशमापक गृहीत धरतो. त्यामुळे शुभ्र बर्फ दिसताच ‘उजेड फार झाला’ असा ग्रह करून घेऊन तो सारे चित्र काळवंडून टाकतो. म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, दीड स्टॉपने वाढवले (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काठावरचा बर्फ पांढरा झाला आणि चौखंबा आकाशासकट नाहीसा झाला. शिखर परत आणले, तर अलीकडची बुरांशाची झाडे डांबराने सारवल्यासारखी दिसू लागली. माझ्या डोळ्यांना हे सगळे एकदम दिसत होते, कॅमेऱ्याला मात्र त्यातले एकच काहीतरी हवे होते.

यावरचा इलाज म्हणजे एचडीआर, अर्थात ‘हाय डायनॅमिक रेंज’. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, भिंगाचे छिद्र एफ ८ वर आणि आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, १०० वर कायम ठेवायची आणि केवळ शटरचा वेग बदलत एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे: शिखरासाठी १/२५० सेकंद, मधल्या उजेडासाठी १/६० आणि सावलीसाठी १/१५. पुढे संगणक प्रत्येकातला चांगला भाग घेऊन त्यांचे एक चित्र करतो. ही युक्ती काही आजची नव्हे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापले होते. त्याच्या समुद्रावरून कुत्रे चालत गेले नव्हते, एवढाच काय तो फरक.

माझ्या तळ्याकाठून गेले. चांगले केसाळ, काळे, पहाडी कुत्रे होते. पहिल्या फोटोत ते डावीकडे होते, दुसऱ्यात मधोमध, आणि तिसऱ्यात उजव्या कडेला थांबून माझ्याकडे पाहत होते. मी पुन्हा तीन फोटो घ्यायला गेलो, तोवर रात्री पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीने थंडीपुढे मान टाकली. ती काढून मी काखेत धरली. दहा मिनिटांनी तिच्यात धुगधुगी आली, पण तोपर्यंत शिखरावरचा सोनेरी रंग गेला होता आणि कुत्राही गेला होता.

खरी परीक्षा पुण्यात, घरच्या संगणकापुढे झाली. तीन फायली जोडून जी एक फाइल तयार होते, तिच्यातला उजेडाचा पल्ला साध्या पडद्यावर मावत नाही. तो दाबून-चेपून बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात. पूर्वी गावाला जाताना सहा माणसांचे अंथरूण एका होल्डॉलमध्ये कोंबून वर एकाला बसवत असत, त्यातलाच हा प्रकार. त्यासाठी स्लायडर असतात, आणि स्लायडर हे मिसळीच्या तर्रीसारखे असतात. थोडी घेतली की अजून थोडी घ्यावीशी वाटते, आणि जीभ सरावलेली असल्यामुळे आपण किती घेतली हे दुसऱ्या दिवशी सकाळीच कळते.

मलाही सकाळीच कळले. सावलीतल्या बर्फावर निळ्या आकाशाचाच उजेड पडत असल्याने तो मुळातच निळसर असतो. मी मात्र त्यावर धुण्याच्या निळीची अख्खी पुडी सांडली होती. चौखंब्याच्या कडेने एक रुंद, उजळ पट्टा उमटला होता. त्याला जाणकार हेलो म्हणतात. आईने चष्मा लावून पाहिले, हात जोडले आणि विचारले, “प्रभावळ छान आहे रे, पण मूर्ती कुठल्या देवाची?” बायकोने खालच्या कोपऱ्यात बोट ठेवले. “अहो, दत्ताची असणार. कुत्री आहेत ना.” काठावर तीन अर्धपारदर्शक कुत्री एकापाठोपाठ एक उभी होती. दत्ताच्या पायाशी चार असतात. चौथे एक्स्पोजर मी घेतले नव्हते, एवढेच.

फोटोत हललेल्या वस्तू काढून टाकण्यासाठी डीघोस्ट नावाची सोय असते. ती ‘लो’वर ठेवली, तेव्हा दोन कुत्री राहिली. ‘हाय’वर ठेवली, तेव्हा कुत्री गेली आणि बर्फावर चार पंजे तेवढे उरले. अखेर आठवडाभराच्या खटपटीनंतर मी स्लायडर जवळजवळ शून्यावर आणले आणि कुत्र्याला मधल्या फोटोतल्या जागी एकट्याला राहू दिले. ही आवृत्ती डोळ्यांनी पाहिलेल्या तळ्याच्या बरीच जवळ जाणारी होती. ती नात्यातल्या सर्वांना पाठवली. एका मेव्हण्याने अंगठा दाखवला. बाकी कोणी काही बोलले नाही.

दरम्यान आईने ती पहिली आवृत्ती आपल्या भजनी मंडळाला पाठवून दिली होती. गेल्या सोमवारी ती माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याकडून माझ्याकडे परत आली. प्रभावळीवर पिवळ्या अक्षरांत ‘शुभ सकाळ’ लिहिलेले होते, आणि खालच्या कोपऱ्यात कोणीतरी टपोरा लाल गुलाब अशा बेताने बसवला होता की त्याच्यामागे तिन्ही कुत्री पंजांसकट झाकली गेली होती.