नऊपैकी पाच

आपल्याकडे जेवणावरचं खरं मत यजमानासमोर कधी देत नाहीत. ते रिक्षात बसल्यावर देतात. कार्यालयाच्या दारात "वा, काय बेत होता!" म्हणायचं, बुंदीच्या लाडवाची पुडी पर्समध्ये टाकायची आणि रिक्षा कोपऱ्यावर वळली की मठ्ठ्यापासून सुरुवात करायची. मठ्ठा पाणचट, जिलबी गार, मसालेभातात काजू शोधायला माणूस लावावा लागला असता, आणि अळूच्या भाजीबद्दल तर बोलूच नये असं म्हणून अळूच्या भाजीबद्दल घर येईपर्यंत बोलायचं. त्यामुळे फुकट खायला बोलावून, घास तोंडात असतानाच "कसं वाटलं ते लिहा, खरं लिहा, आम्हांला वाईट वाटणार नाही" असं विचारणारी जागा जगात असेल यावर माझा विश्वास बसला नसता. सासूबाईंना मात्र अशी जागा आहे हे कळल्यावर, आपण आयुष्यभर हिचीच वाट पाहत होतो असं वाटलं असावं.

१९९७ साल. आम्ही ओहायोत राहत होतो. नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीत, मी त्याच्या व्हिसाला चिकटून घरी, आणि त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. सांगलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. इंग्रजी आणि शास्त्र शिकवायच्या, आणि दोन्ही विषयांत त्यांनी कधी कुणाला पैकीच्या पैकी दिल्याचं सांगलीत कुणाला आठवत नाही. नायगारासकट सगळी अमेरिका पहिल्या महिन्यातच बघून झाली होती. उरलेले महिने आम्ही दोघी खिडकीतून पार्किंग लॉटची पाहणी करत होतो.

खालच्या मजल्यावर कोल्हापूरचा एक मुलगा राहायचा. विद्यापीठात फूड सायन्समध्ये पीएचडी करत होता. तांबड्या रश्श्यावरचा कट बघून ज्याला भूक लागायची, तो मुलगा सात समुद्र ओलांडून अभ्यास कशाचा करायचा, तर खाण्यातलं फॅट कसं काढावं याचा. त्याने हे घरी अजून सांगितलेलं नाही असा मला दाट संशय होता.

"वहिनी, काकू, शनिवारी सकाळी डिपार्टमेंटला या की. चिप्स खायचे आणि मत द्यायचं. माणसं कमी पडाय लागलीत."

"मत लेखी की तोंडी?" सासूबाईंनी विचारलं.

"लेखी."

"येते."

एवढ्यावर ठरलं. त्रास नंतर सुरू झाला, कारण त्याने सूचनांचा कागद आणून दिला. अत्तर लावू नये. वासाचं तेल नको, वासाची क्रीम नको. तासभर आधी काही खाऊ नये, चहा-कॉफी तर नाहीच. आता सासूबाईंचा दुसरा चहा दहाला असतो आणि आमची वेळ होती साडेदहाची. हा चहा लग्नात, मयतात, एसएससीच्या निकालाच्या दिवशीही चुकलेला नाही. "बोर्डाचे पेपर तपासायला बसले तरी आधी चहा मिळायचा," त्या म्हणाल्या. पण गेल्या. कर्तव्यापुढे बाई कडक.

त्या काळातली अमेरिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फॅटची इतकी धास्ती होती की दुकानात फॅट-फ्री लिहिलेलं नाही अशी वस्तू हातात घेताना बायका आजूबाजूला बघायच्या. फॅट-फ्री दही, फॅट-फ्री केक, फॅट-फ्री बिस्किटं. ज्यात जन्मात कधी फॅट नव्हतं त्या साखरेच्या गोळ्यांवरही ते छापलेलं. बिस्किटातलं फॅट काढून त्याजागी साखर घालायची आणि खाणाऱ्याने निर्धास्त मनाने अख्खा खोका संपवायचा. अंड्याचा पांढरा भाग आणि दुधातलं प्रोटीन अतिबारीक करून जिभेला साय वाटेल असं आइस्क्रीमही १९९० पासून निघालं होतं. पण ते प्रोटीन, गरम केलं की गोठणार. त्यात वेफर्स तळता येईनात. आणि तळलेलं सोडायची तर या देशाची तयारी नव्हती. (आपलीही नाही. पण आपण तसा आव आणत नाही.)

तळायलाही चालेल असं फॅट निघालं ते ऑलेस्ट्रा. आमच्या ओहायोतल्याच एका बड्या साबण-कंपनीत ते १९६८ साली सापडलं. म्हणजे शोधत होते वेगळंच. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना सहज पचेल असं फॅट हवं होतं, आणि हाती लागलं कुणालाच न पचणारं. मग जवळजवळ तीस वर्षं तपासण्या, अर्ज, वाद. शेवटी जानेवारी १९९६ मध्ये सरकारने परवानगी दिली, फक्त चिप्ससारख्या खारट खाण्यांपुरती, आणि पुडीवर एक सूचना छापायची अट घालून. त्या सूचनेकडे येतेच.

प्रयोगशाळा म्हणजे भिंतीला लागून बसवलेली अरुंद खोकी. प्रत्येकात एक स्टूल, एक फळी, समोर सरकती खिडकी आणि डोक्यावर लाल दिवा.

"फोटो धुतात का रे इथे?"

"नाही काकू. लाल उजेडात रंगातला फरक कळत नाही. नाहीतर माणूस डोळ्यानंच चव ठरवतो."

हे सासूबाईंना पटलं. नमुन्यांच्या वाट्यांवर ४१७, ६८२, ९३५ असे आकडे होते, तेही पटले. १, २, ३ लिहिलं तर माणूस उगाच पहिल्याला चांगलं म्हणतो, म्हणून असे अडनिडे आकडे. "बोर्डातही आम्ही नाव झाकूनच तपासायचो," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून खोक्यात शिरल्या. मी शेजारच्या खोक्यात.

खिडकी सरकली, ट्रे आला. पहिली परीक्षा अशी की तीन वाट्यांपैकी दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी ओळखायची. काहीच कळलं नाही तरी एकावर खूण करायचीच, कोरं ठेवायचं नाही. म्हणजे डोळे मिटून ठोकलं तरी तिनांत एकदा बरोबर येणार. मी चिप खाल्ला. पाण्याचा घोट, अळणी बिस्किटाचा तुकडा, पुन्हा चिप. तिसऱ्या वाटीपर्यंत पहिलीची चव विसरले, पहिलीकडे परत गेले तर दुसरी आठवेना. लाल उजेडात एकटीने गंभीरपणे वेफर्स चावताना आपण या टोकाला कसे आलो असे विचार मनात येतात, तेही चवीला बाधक असावेत.

शेजारून "च्च" आलं. मग जरा वेळाने, लांबवलेलं, "च्चऽऽ."

खिडकीपलीकडून कुजबुज झाली. "काकू, आवाज नको. शेजारच्याचं मत बिघडतं."

"शेजारी माझी सून आहे. तिचं मत काय बिघडायचंय?"

मला उचलून चार खोकी पलीकडे बसवण्यात आलं.

दुसऱ्या फेरीत गुण द्यायचे होते. नऊ घरांची पट्टी: तळाशी 'अत्यंत नावडलं', वर 'अत्यंत आवडलं', मधोमध 'ना आवडलं, ना नावडलं'. ही पट्टी मूळची अमेरिकन सैन्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोच्या त्यांच्या संस्थेत, जवानांना काय खाववेल ते ठरवायला तयार केली, आणि आता जगभर आइस्क्रीमपासून चिप्सपर्यंत तीच चालते. तिच्यासमोर बसल्यावर मला माझ्या रक्तातली रिक्षा आडवी आली. तो मुलगा आपल्या ओळखीचा, आमच्या घरी थालीपीठ खाऊन गेलेला. त्याच्या तोंडावर चार कसे द्यायचे? मी सगळ्यांना सात-आठ देत सुटले. वर 'छान!' असंही लिहिलं.

मग बारीकसारीक प्रश्न. खारटपणा: फार कमी, बेताचा, फार जास्त. कुरकुरीतपणा: तसंच. तेलकटपणा: तसंच. शेवटी 'आणखी काही सांगायचं असल्यास' म्हणून चार ओळींची जागा. सासूबाईंनी ती भरून मागचं पान घेतलं, आणि जाता जाता दुसऱ्या प्रश्नातलं इंग्रजीही दुरुस्त केलं.

बाहेर आल्यावर तो मुलगा त्यांचा कागद हातात धरून उभा होता. त्यांनी वेगळी वाटी प्रत्येक वेळी बरोबर ओळखली होती. ऑलेस्ट्राच्या वाटीला नऊपैकी पाच.

"काकू, कशावरून ओळखलं?"

"तेलकट नाही रे. पण मेणचट आहे. टाळूला राप धरतो."

तो इतका खूश झाला की त्याच्या गाइडची एवढी शाबासकी त्याला कधी मिळाली नसावी. "हेच! सगळ्यांची तक्रार हीच!" आणि मग तिथेच उभ्या उभ्या शास्त्र सुरू. साध्या फॅटच्या रेणूला तीन शेपट्या असतात. पाचक रस मध्ये शिरतो, शेपट्या तोडतो, आपल्याला कॅलरी मिळतात. ऑलेस्ट्रात मध्ये साखर बसवून तिला सहा ते आठ शेपट्या चिकटवलेल्या. दिवाळीच्या गर्दीत सांगली स्टँडवरच्या एसटीत जसा पाय ठेवायला वाव नसतो, तसा पाचक रसाला त्यात शिरायला वावच नाही. तो दारात लटकतो आणि गाडी निघून जाते, न पचता, सरळ शेवटच्या स्टॉपपर्यंत. म्हणून कॅलरी शून्य. २८ ग्रॅम साध्या चिप्समध्ये दहा ग्रॅम तेल आणि १५० कॅलरी. याच्यात निम्म्या, त्याही बटाट्याच्याच.

"मध्ये साखर आहे, तरी गोड नाही?"

"नाही."

"पोटात जातं, तरी अंगी लागत नाही?"

"नाही."

"मग त्याला फॅट तरी कशाला म्हणता?"

या प्रश्नावर बहुधा त्याच्या कमिटीचंही एकमत नव्हतं. त्याने विषय मेणाकडे वळवला. पहिल्यांदा केलेलं ऑलेस्ट्रा छान पातळ होतं, तोंडात तेलासारखं वागायचं. पण जे तोंडात पातळ ते शेवटच्या स्टॉपवरही पातळच, आणि तिथे ते थांबायला तयार होईना. त्यामुळे ते अंगाच्या उष्णतेलाही घट्टसर राहील असं करावं लागलं. आता खाली थांबतं, पण वर मेण लागतं. इकडे सुधारलं की तिकडे बिघडतं. बुद्धिमान माणसांची तीस वर्षं या दोन दारांच्या मध्ये येरझारा घालण्यात गेली, हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार वाटलं. (ती साबण-कंपनी सुरुवातीला मेणबत्त्याही करायची म्हणे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "संस्कार जात नाहीत.")

उरलेल्या चिप्सची एक पुडी त्याने आम्हांला दिली. घरी चष्मा लावून सासूबाईंनी मागची सूचना मोठ्याने वाचली: या पदार्थात ऑलेस्ट्रा आहे. ऑलेस्ट्राने पोटात मुरडा येऊ शकतो आणि शौचाला पातळ होऊ शकते. काही जीवनसत्त्वं अंगात शोषली जात नाहीत, म्हणून अ, ड, ई आणि के वेगळी घातली आहेत. ही सूचना छापायची सक्ती पुढे २००३ मध्ये उठली, पण त्या शनिवारी ती पूर्ण जोमात होती.

"खाऊच्या पुडीवर असं कुणी छापतं का? आपल्याकडे फार तर चिवड्यात केस सापडतो."

संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता. आमच्या घरात एकच बाथरूम. चार वाजता मी पोटाकडे लक्ष देऊ लागले. ज्या पोटाकडे माणूस एरवी ढुंकून बघत नाही, त्याच्याकडे लक्ष दिलं की ते लगेच काहीतरी बोलतं. पाच वाजता सासूबाई बाथरूमच्या जवळच्या खुर्चीवर सरकल्या, वर्तमानपत्राला उजेड चांगला मिळतो म्हणून. मीही त्याच बाजूचे कपडे आवरायला काढले. साडेपाचला नवरा उठून त्या दिशेने चालू लागला तर आम्ही दोघी एकदमच "कुठे?" म्हणून ओरडलो. त्याने आमचं बोलणं न ऐकता ती पुडी एकट्याने संपवली होती, तीही मॅच बघितल्यासारखी, तळाशी बोट फिरवून. तो हात धुवायला चालला होता.

झालं काहीच नाही. कुणालाच. मंडळात मी साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, आणि रात्री जे व्हायचं ते त्या खिचडीमुळे झालं. ती अर्थात कुठल्याही सूचनेशिवाय वाढली होती.

नोव्हेंबरात थंडीच्या आधी सासूबाई सांगलीला परतल्या. जानेवारी १९९८ मध्ये तो मुलगा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख घेऊन वर आला. शिकागोच्या एका चित्रपटगृहात अकराशेच्या आसपास माणसांना फुकट सिनेमा दाखवला होता. निम्म्यांच्या हातात साध्या चिप्सची पुडी, निम्म्यांच्या हातात ऑलेस्ट्राची, कुणाला काय मिळालं ते पांढऱ्या पुडीवरून कळू नये अशी व्यवस्था. नंतर फोन करून पोटाची चौकशी. दोन्हीकडच्या तक्रारी सारख्याच निघाल्या. म्हणजे आमचा तो शनिवार शास्त्रशुद्ध होता. फरक पडला तो चवीत: साध्या चिप्सना नऊपैकी ६.४, ऑलेस्ट्राच्या चिप्सना ५.६, आणि लोकांनी ते खाल्लेही कमी.

फोन तेव्हा परवडत नव्हता, म्हणून मी सासूबाईंना पत्रात सगळं सविस्तर कळवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिलं पान घरचं, कुणाचं लग्न ठरलं आणि कृष्णेला पाणी किती. मग दुसऱ्या पानावर:

"शिकागोवाल्यांनी ०.६ जास्त दिले, सैल हाताने तपासलेलं दिसतं. अकराशे लोकांना सिनेमा दाखवून जे कळलं ते मी चहा न घेता सांगितलं होतं, हे त्या मुलाला आठवण करून दे. सोबत भडंगाची कृती लिहिली आहे. तेल एक वाटी म्हटलं आहे ते एक वाटीच घे. त्याला खायला देशील तेव्हा कागद-पेन्सिल देऊ नकोस."