आधी भिंत तपासा, मग चित्रकार शोधा

वसतिगृहाच्या भिंतींवर चित्रं करून घेण्याबद्दलच्या लेखात बजेट आणि विषय कसे ठरवावेत हे छान आलंय, पण खुद्द भिंतीबद्दल अवाक्षर नाही. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतात, खोलीत दमट हवा कोंडते आणि कूलरच्या खिडकीलगतची भिंत ओल धरते. तिथे चित्र नकोच. बाकी भिंतींवर दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. आतून पाणी जमलं, तर रंग फुगणार हे नक्की. नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस द्या. जुना डिस्टेंपर (खडूसारखा स्वस्त भिंतीचा रंग) पूर्ण खरवडा, त्यावर थेट ॲक्रिलिक मारलं की पापुद्रे सुटतात. मग पुट्टी, प्रायमर, चित्र, शेवटी मॅट क्लिअर कोट, म्हणजे चमक नसलेला पारदर्शक थर. कॉरिडॉरमध्ये खालचे तीन फूट मोकळे सोडा. बॅगा, खुर्च्या तिथेच घासतात.

चित्रकाराशी करार लेखीच हवा. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराने तुम्हाला किती काळासाठी दिला ती मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. पुढे भिंत पाडायची वेळ आली तर काय, हेही लिहून ठेवा: दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला होता.