‘उचललेलं’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, दहा बाय दहाच्या खोलीत आरसा कसा लावावा हे मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: आरशाने खोली मोठी होत नाही, पसारा तेवढा दुप्पट दिसतो, जळगावच्या उन्हात खिडकीसमोर आरसा म्हणजे घरात भट्टी, दक्षिणेला आरसा वास्तूत बसत नाही, आणि ‘हे सगळं मुंबईच्या कुठल्यातरी मासिकातून उचललेलं दिसतंय’. शिवाय फोटो अंधारा आलाय. फोटोचं मान्य. मोबाइल जुना आहे.

पण ‘उचललेलं’? लेख पटला नाही म्हणा, रद्दी म्हणा, चालेल. एखाद्याला चोर ठरवण्याआधी निदान विचारावं तरी.

माझ्या वडिलांचं पारोळ्याला सलून होतं. रुंदी सहा फूट. वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा तरी कोपर आखडून घ्यावं लागे. समोर एक आरसा, पाठीमागच्या भिंतीला दुसरा. खुर्चीत बसलं की आपलं तोंड, त्यामागे आपलीच मान, मग पुन्हा तोंड, पुन्हा मान, अशी रांग लागायची. लांबची तोंडं हिरवट नि अंधुक होत जायची, कारण काच मुळात किंचित हिरवी असते आणि दर फेरीला थोडा उजेड खाते. ‘आरसामा देख, भो,’ म्हणत वडील गिऱ्हाइकाची हनुवटी वर करायचे. बाकावर चार जण खोळंबलेले असायचे, पण त्या बोळात कोंडल्यासारखं कुणाला वाटत नसे. मी खालचे केस झाडत हे बघत मोठा झालो. भिंतीवरच्या आरशात खोली जितकी समोर तितकीच मागे दिसते, हे प्रकाशाचा धडा शाळेत यायच्या आधी मला ठाऊक होतं. न्हाव्याच्या पोराला आरसा शिकवायला मासिक लागत नाही हो.

आणि ही युक्ती मुंबईचीही नव्हे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली आरसेमहाल पुरा झाला, तिथे बागेकडच्या १७ खिडक्यांसमोर आरशांच्या १७ कमानी आहेत. त्या राजाला जागा कमी पडत नव्हती. पण खिडकीतला उजेड आणि बाग आत खेचायची तर आरसा खिडकीच्या समोरच हवा, एवढं त्याच्या कारागिरांनाही कळत होतं. मग ते कुणाकडून उचललं म्हणायचं?

पसाऱ्याचं तर काय बोलावं! आरसा समोर असेल तेच दाखवणार. समोर कपड्यांची दोरी असेल तर दोन दोऱ्या दिसतील. माझ्याकडे खिडकीतला कडुनिंब दिसतो. तुमच्याकडे काय दिसतं ते तुम्ही जाणे.

खिडकी पश्चिमेची असेल तर दुपारी पडदा ओढा. खान्देशात राहणाऱ्याला मे महिन्यातलं हेही लिहून द्यायचं का? वास्तूवर मी बोलत नाही.

एवढं झोडपून शेवटी विचारलंय, ‘काच किती जाडीची घ्यावी?’ घ्या, सांगतो. मोठ्या आरशाला पाच एमएम. त्याहून पातळ मोठी काच वाकड्या भिंतीवर ताणली की तोंड लांबट दिसतं. ओल येणाऱ्या भिंतीला थेट चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या, नाहीतर कडेने मागचा मुलामा उडून काळे डाग धरतात. आणि काचवाल्याकडून कडा घासून घ्या. नाहीतर हात कापून घ्याल आणि पुन्हा माझ्याच नावाने लिहाल.