सेव्ह फाईलचा फेरफार

केळी बागायतदाराच्या मुलाने कॉम्प्युटरवर शेती करावी, हे आमच्या घरात कुणालाच पटलेलं नाही. बंदुकीचे गेम चालतात. पण सावद्याच्या शिवारात शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आलेली असताना मुलगा पंख्याखाली बसून माउसने झारी घालतोय, हे आप्पांना बघवत नाही.

गेमचं नाव स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्याने करून 2016 साली तो बाजारात आणला. आजोबांचं पडीक रान, खिशात 500 नाणी, 15 बियांची पुडी आणि 28 दिवसांचा एक हंगाम, एवढ्यावर संसार सुरू होतो. रात्री दोन वाजले की यातला शेतकरी चक्कर येऊन पडतो. आप्पा दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतात, त्यामुळे त्या शेतकऱ्याबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट आहे.

एकदाच त्यांनी मनापासून लक्ष घातलं, ते स्क्रीनवर केळी दिसल्यावर. 2020 च्या अपडेटमध्ये गेममध्ये केळीचं झाड आलं.

"किती दिवसात येते?"

"अठ्ठावीस."

आप्पांनी चष्मा पुसला. आमची मृगबाग लावल्यापासून घड कापेपर्यंत वर्ष जातं.

"घड किती किलोचा?"

"घड नाही आप्पा. रोज एक केळं."

"एकच केयं? अन् खोड?"

"खोड तसंच राहतं. दर उन्हाळ्यात देत राहतं."

आमच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि पानं करपू नयेत म्हणून बागेला चहूबाजूंनी हिरवी नेट बांधावी लागते. आप्पा उठले. दारातून एवढंच म्हणाले, "त्या माणसाले एकदा रावेरले घेऊन ये."

तर अशी ही शेती मी दोन ठिकाणी करतो. आठवडाभर जळगावच्या खोलीवर लॅपटॉपवर आणि शनिवार-रविवार गावी जुन्या डेस्कटॉपवर. एकच रान दोन्हीकडे कसं, तर क्लाउडमुळे, म्हणजे नेटवरच्या साठवणीमुळे. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीमने ही सोय 2008 साली आणली आणि पुढे बऱ्याच जणांनी तीच वाट धरली. काम साधं आहे. गेम बंद केला की सेव्ह फाईल, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, वर जाते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेम उघडायच्या आधी ती खाली येते. मधल्या मधे कुणी लुडबुड केली नाही तर कुणाचं काही बिघडत नाही.

आमच्या घरात मधल्या मधे गोलू आहे. माझा पुतण्या, सातवीत. मी जळगावला असलो की डेस्कटॉपवर माझ्याच खात्यातून तो माझंच रान कसतो. नेट म्हणजे वहिनीचा मोबाईल, आणि वहिनीचा मोबाईल दिवसभर वहिनीकडे. म्हणून साहेब ऑफलाइन मोडमध्ये खेळतात. ऑफलाइन असलं की वर काही जात नाही, खाली काही येत नाही. इकडे मी मंगळवारी भोपळे काढतोय, तिकडे त्याच रानात गोलू वांगी लावतोय, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

शनिवारी मी गावी आलो, वहिनीचा हॉटस्पॉट घेतला, आणि स्क्रीनवर सूचनेची पेटी उघडली. ही पेटी ज्याने पाहिली त्यालाच कळेल. या कॉम्प्युटरवरची फाईल आणि क्लाउडवरची फाईल जुळत नाही, कोणती ठेवायची ते सांगा. जी निवडाल ती राहील, दुसरीवर पाणी. निर्णयाला मदत म्हणून दोन्हींच्या शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ दिलेली असते. बाकी आत काय आहे, कुणी किती राबलंय, त्याचा एक शब्द नाही.

तारखा अशा होत्या. क्लाउडवरची फाईल: गेल्या मंगळवारची. या कॉम्प्युटरवरची फाईल: 1 जानेवारी 2009.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. लाईट गेल्यावर घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. आमचा सेल कधीचाच मेलाय, आणि लाईटचं तर विचारूच नका. प्रत्येक वेळी लाईट आली की आमचा कॉम्प्युटर 2009 सालात जागा होतो आणि नेट लागेपर्यंत तिथेच मुक्काम करतो. म्हणजे गेम निघायच्या सात वर्षं आधी गोलूने त्यात शेती केलेली होती, आणि पेटीच्या हिशेबाने त्याची फाईल जुनाट, माझी ताजी.

मी मोठ्याने वाचलं. आप्पा पेपर खाली ठेवून आले. जमिनीचे दोन कागद जुळत नाहीत म्हटल्यावर खानदेशात कोणताही माणूस स्वस्थ बसत नाही.

"हे त सातबाऱ्यासारखं झालं," ते म्हणाले. "हस्तलिखितात एक, ऑनलाइनवर दुसरंच. 155 खाली अर्ज टाक."

कलम 155 म्हणजे महसुली नोंदीतली लेखनाची चूक दुरुस्त करायची तरतूद. आमच्या गट नंबरातली चूक आप्पांनी त्याच कलमाखाली चपला झिजवून दुरुस्त करून घेतलेली आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कागदावर त्यांचा उपाय ठरलेला. इथे तलाठी नाही हे त्यांना पटेना. "मग नोंद मंजूर कोण करते?" मी म्हटलं, मीच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला.

अशा वेळी दोन्ही बटणं सोडून पेटी बंद करायची आणि आधी फाईलची नक्कल काढायची. लोक क्लाउडला तिजोरी समजतात. तो फक्त आज्ञाधारक आहे. तुम्ही इकडे रान उडवलंत तर तो तितक्याच इमानाने वरचंही उडवतो आणि तिसऱ्या कॉम्प्युटरवरचंही. नक्कल आपली आपणच ठेवायची.

पण फाईल सापडली पाहिजे ना. काही गेम डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात, काही सेव्ह्ड गेम्स नावाच्या फोल्डरमध्ये, आणि हा गेम ठेवतो ॲपडेटामध्ये, जे विंडोजने लपवून ठेवलेलं असतं. तिथे जायचं तर रनच्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, मग ॲपडेटा, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाकावं लागतं. दोन्हीकडून टक्केवारी दिल्याशिवाय दार उघडत नाही, हे आप्पांना न समजावता समजलं.

आत माझ्या शेतकऱ्याच्या नावाचा फोल्डर, नावापुढे लांबलचक आकडा. त्यात मुख्य फाईल, माहितीची छोटी फाईल, आणि दोन्हींच्या शेपटीला ओल्ड लावलेल्या आदल्या दिवसाच्या प्रती. फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकला. मग पेटीत क्लाउडची बाजू निवडली, माझी फाईल खाली आली, तीही वेगळ्या फोल्डरात टाकली. आता दोन्ही रानं सुरक्षित, आणि प्रश्न जिथल्या तिथे.

तेव्हा गोलू तोंड खाली घालून म्हणाला, "काका, माझीवालीच ठेव ना. त्याच्यात तुझं लग्न झालंय."

घर शांत झालं. माय स्वयंपाकघरातून हात पुसत आली. खरी पंचाईत इथून पुढे.

माझ्या फाईलमध्ये माझं गेममधल्या लिआशी हळूहळू जमत होतं. आठवड्यातून दोनदा भेटवस्तू, तिला आवडतं म्हणून सॅलड. गोलूने तेवढा धीर धरला नाही. पावसाच्याच दिवशी समुद्रावर येणाऱ्या म्हाताऱ्याकडून 5000 ला लॉकेट घेतलं आणि ॲबिगेलशी माझा बार उडवून दिला. खऱ्या आयुष्यात शेतकऱ्याच्या घरात मुलगी द्यायला कुणी तयार नाही, म्हणून माय दर आठवड्याला बायोडाटा सुधारते. तिच्या दृष्टीने हा चमत्कारच.

"कोणाची आहे?"

"किराणा दुकानदाराची."

"अन् दुसरी?"

"ती रानात एकटी राहते. लाकडावर कोरीवकाम करते."

मायने मान हलवली. मग हळूच विचारलं, "हिले आवडते काय?"

"केळ्याचं पुडिंग," गोलू म्हणाला. गेममध्ये हे खरंच आहे.

"मंग इचार कायचा करी ऱ्हायला? घरात केयीच केयी आहेत."

वहिनीने मायची बाजू घेतली. दादाने लिआच्या कष्टाळूपणाबद्दल दोन शब्द काढले आणि वहिनीकडे बघून आवरते घेतले. पोळ्या गार झाल्या. आप्पा तेवढ्या वेळात कोऱ्या कागदावर रेघा ओढत होते. त्यांनी तीन पिढ्यांच्या वाटण्या पाहिल्यात.

"खातेफोड कर," ते म्हणाले. "एका खात्यावर दोन कसणारे, म्हणून भांडण."

आणि गंमत म्हणजे तांत्रिकदृष्ट्याही उत्तर तेच होतं. एका कुटुंबातल्या लोकांना आता विकत घेतलेला गेम वाटून घेता येतो, आणि ज्याच्या त्याच्या खात्यावर ज्याची त्याची सेव्ह फाईल वेगळी राहते. गोलूचं खातं काढलं, विंडोजमध्ये त्याचं लॉगिन वेगळं केलं, आणि पेनड्राइव्हवरचा त्याचा फोल्डर त्याच्या ॲपडेटामध्ये ठेवला. मी माझ्या भोपळ्यांसह मंगळवारवर परतलो. मदरबोर्डचा सेल भुसावळहून आणायचं दादाने कबूल केलंय, म्हणजे तो येणार नाही.

केळीचं झाड दोघांच्याही हिश्श्यात आलं. सून मात्र गोलूकडे गेली. सातवीतल्या पोराचा संसार मार्गी लागला आणि काकाने घरात आलेली किराणावाल्याची मुलगी परत पाठवली, असं माय आता शेजारणीला सांगते.